नायिका मोकळी व्हायला हवी, पण प्रत्येक वेळी नायकच पुढे होतोय. काय करू?

शहापूरची बाई:

मी बेळगावात शहापूरला राहते. घरीच दहावीचे आणि पीयूचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, गणिताचे क्लास घेते. सध्या एक कादंबरी लिहितेय, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींसाठी, प्रेमकथा. क्लासला येणाऱ्या मुली इंग्रजीतल्या अशा कादंबऱ्या मोबाईलवर वाचतात, एकमेकींना पाठवतात. त्यातली स्वतःची गाडी घेऊन शाळेला जाणारी मुलं, वर्षाअखेरचा नाचाचा कार्यक्रम, यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं. तरी जागून वाचतात, कारण आतली मुलगी त्यांच्यासारखी असते. तीच मुलगी मला मराठीत हवी आहे, वडगावच्या गल्लीत राहणारी.

माझी नायिका दुसऱ्या पीयूसीला सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आई-वडील धाक दाखवणारे नाहीत, लगाम तिने स्वतःच स्वतःला घातलाय. आमच्या कर्नाटकच्या सीईटीला, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला, एका विषयाचे ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. हा हिशोब तिने पहिल्या वर्षी केला आणि तेव्हापासून ती सगळंच प्रश्नांत मोजते. वेणी घालायला चार प्रश्न. चहाला तीन. मैत्रिणीशी गेटवर बोलायला एक, फार तर दोन. वहीत रोजचं वेळापत्रक लिहिते. काम झालं की हिरव्या पेनने खूण, राहिलं तर लाल चौकोन. रात्री दिवा घालवायच्या आधी ती लाल चौकोन मोजते आणि तेवढ्या वेळा उद्याचा गजर पुढे नाही, मागे ओढते.

मुलगा तिच्याच वर्गातला, बैलहोंगलचा, होस्टेलला राहणारा. घरची भाषा कन्नड. मराठी बेळगावात आल्यावर शिकला, आणि चुकतमाकत पण मोठ्याने बोलतो. ‘माझा आई आला’ म्हणतो. कुणी हसलं तर तोही हसतो आणि वाक्य तसंच पुढे नेतो.

आता अडचण. या प्रकारच्या कादंबरीची चौकट ठरलेली असते. आखडलेली मुलगी, बिनधास्त मुलगा, तो तिला बाहेर काढतो, मध्ये एक गैरसमज, शेवटी दोघं एकत्र. माझं निम्म्याहून जास्त लिहून झालंय आणि वाचताना दिसतं की गाड्यावर खायला तो नेतो, पावसात भिजायला तो लावतो, वेळापत्रकाचं पानसुद्धा तोच फाडतो. ती नुसती मागोमाग. माझ्या क्लासमधल्या मुलींनी हे वाचून ‘आपल्यालाही कुणीतरी येऊन मोकळं करेल’ म्हणत वाट बघत बसावं, हे मला अजिबात नकोय. पण त्याला बाजूला केलं तर प्रेमकथा उरत नाही. तिचं मोकळं होणं आणायचं कुठून? लिहिणाऱ्यांनी सांगा, आणि या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांनीही सांगा.

हिंडलग्याचे सर:

ताई, मी पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो, आता निवृत्त आहे. कादंबरी लिहिण्यातलं मला कळत नाही, पण ही मुलगी माझ्या वर्गात दरवर्षी असायची.

एक तर ती कधीपासून अशी झाली ते सांगा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली सहामाही फार वाईट जाते. उत्तर डोक्यात असतं, इंग्रजीत तोंडातून निघत नाही. दहावीपर्यंत पहिल्या बाकावर हात वर करणारी मुलगी ऑगस्टपर्यंत हात वर करायचं सोडते. बाहेरून वाटतं शांत आहे, शिस्तीची आहे. ती घाबरलेली असते.

दुसरं. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. नीटला कापतात, सीईटीला नाही. मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो, उत्तर माहीत नसलं तरी कुठलातरी एक गोळा रंगवून या, नुकसान काही नाही. तरी पेपर झाल्यावर एखादी चांगली हुशार मुलगी येऊन सांगायची, ‘सर, चार सोडले.’ का सोडले? ‘खात्री नव्हती.’ मला त्या चार गुणांचं वाईट वाटायचं नाही. खात्री नसेल तर तोंड उघडायचं नाही, हे तिने फुकट मिळणाऱ्या गुणांपर्यंत नेलं, याचं वाटायचं.

तुमच्या नायिकेला परीक्षा हॉलमध्ये बसवा. शेवटची दोन मिनिटं आहेत, एक प्रश्न कोरा आहे, आणि ती गोळा रंगवते. बरोबर की चूक, ते वाचकाला कळूही देऊ नका. तिथे तुमचा नायक नाही, कुणीच नाही.

शहापूरची बाई:

सर, हा गोळा मी घेतला. माझ्या क्लासमध्येही कोऱ्या जागा सोडणाऱ्या आहेत, पण ही गोष्ट कादंबरीत आणायची मला सुचली नव्हती.

कधीपासून, याचं उत्तर माझ्या मनात आहे, अजून कागदावर नाही. तिच्या वडिलांचे वडगावात पॉवरलूम आहेत, साड्यांचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा ती सहावीत होती. त्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो, घरात बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. तो एका दिवसात बंद. माग थांबले तेव्हा एका मागावर अर्धी साडी होती. वडिलांनी त्यावर जुनं लुगडं टाकलं, आणि रोज सकाळी ते उचलून बघायचे, पुन्हा झाकायचे. आई किराणाच्या चिठ्ठीतली एकेक ओळ खोडायची. तेव्हा या मुलीने शाळेची एक उरलेली वही घेतली आणि घरात काय किती आहे ते लिहायला लागली. तांदूळ, तेल, गॅस कुठल्या तारखेला लावला. कुणी सांगितलं नव्हतं. माग पुन्हा सुरू झाले, साडी पुरी झाली, विकलीही गेली. वही मात्र थांबली नाही. आजचं वेळापत्रक त्याच वहीचं पुढचं रूप आहे.

पीयू झालेली, अनगोळ:

टीचर, मी दुसरी पीयूसी यंदाच संपवली. थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका.

वेळापत्रकाचं पान त्या मुलाकडून फाडून घेऊ नका. माझंही असंच होतं, चार रंगांत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. कुणी मुलाने ते फाडलं असतं तर मी त्याच्याशी जन्मात बोलले नसते. तुम्ही आत्ता लॉकडाऊनचं सांगितलंत, ते वाचल्यावर तर पान फाडणं मला फारच वाईट वाटलं. त्या वहीने तिचं घर सांभाळलंय.

तिला परीक्षेत नापास करून धडा शिकवू नका. आणि ‘एक पेपर बुडाला, आयुष्य संपलं’ असा शेवट तर आता खराही वाटणार नाही. २०२४ पासून एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, आणि दुसऱ्या पीयूसीला वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, ज्यात चांगले गुण पडतील ते धरतात. आमच्या वयाच्या मुली पहिल्या वाक्यालाच पकडतील.

आणि तुमच्या गोष्टीत मैत्रीण कुठाय? गेटवर एक प्रश्नभर बोलते तीच का? आमच्याकडे जे काही मोकळं होणं असतं ते निम्मं मैत्रिणींबरोबरच असतं. मी तुम्हाला एक प्रसंग देते, हवा तर वापरा. आमचा क्लास एकदा अचानक रद्द झाला. मैत्रीण म्हणाली, चल बसस्टँडवर, जी बस समोर असेल त्यात बसू. शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, बायकांना राज्यात साध्या बसला पैसे लागत नाहीत. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं. बस जांबोटीवरून कणकुंबीला जाणारी होती. मलप्रभा नदी तिथेच उगम पावते, देवळाजवळ. सौंदत्तीला जिच्यावर एवढं मोठं धरण बांधलंय ती नदी तिथे एवढीशी. आम्ही पायऱ्यांवर बसून बिस्किटं खाल्ली आणि परत आलो. एवढंच. पण घरी कुणाला विचारलं नव्हतं, पैसे मागितले नव्हते, काही ठरवलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये पोटात गोळा आला होता आणि मी खिडकीतून बाहेर बघत हसत होते, दोन्ही एकदमच.

हे मुलाबरोबर घडलं असतं तर मला फक्त भीती आठवली असती.

निपाणीकर:

अनगोळच्या ताईंनी चांगलं सांगितलं. शून्याच्या तिकिटाबद्दल एक भर घालतो. निपाणीत आम्हाला हे रोज दिसतं. आमच्याकडून बायका चिक्कोडीला, संकेश्वरला, बेळगावला फुकट जातात. तीच बाई कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलच्या एसटीत बसली की अर्धं तिकीट काढते, कारण ती महाराष्ट्राची सवलत. नायिकेची मावशी कोल्हापूरला असेल तर हे उपयोगी पडेल.

पण मला बोलायचं होतं ते भाषेवर. ताई, तुमच्या मुलाचं मराठी तुम्ही फार छान पकडलंय. आमच्या दुकानात येणारे कन्नड गिऱ्हाईक असंच बोलतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पण मुलगी कन्नड किती बोलते ते तुम्ही लिहिलंच नाही.

शहापूरची बाई:

दहावीला कन्नडात १०० पैकी ९६. आणि बोलत नाही. भाजीवाल्या मावशींशीसुद्धा नाही, बोट दाखवते आणि ‘किती?’ मराठीत विचारते. चुकेल म्हणून.

निपाणीकर:

मग तुमचं काम झालंच की! सरांचा कोरा गोळा आणि हे न बोललेलं कन्नड एकच आहे.

एक प्रसंग सुचवतो. मुलाची अज्जी बैलहोंगलहून बसने बेळगावला येते, त्याला भेटायला. तिला मराठीचा एक शब्द येत नाही. मुलगा वेळेवर पोचत नाही, तो कुठे वेळेवर पोचतो? बसस्टँडवर नायिका एकटी, समोर इरकल नेसलेली म्हातारी, हातात कडक भाकरीचं गाठोडं. आता बोलावंच लागणार. ती पुस्तकातलं कन्नड बोलायला जाते, प्रश्नपत्रिकेत लिहितात तसं, पूर्ण वाक्य, आदरार्थी क्रियापद. अज्जी बोलणार बैलहोंगलचं, धारवाडी वळणाचं, निम्मे शब्द गिळलेले. मुलीला अर्धं कळतच नाही. अज्जी चूक काढत नाही, तिला ते सुचतही नाही. ती गाठोडं सोडते, भाकरीवर शेंगा चटणी घालते आणि ‘तिन्नव्वा’, म्हणजे ‘खा गं’, म्हणून पुढे करते. मुलगा येईपर्यंत दोघींचं जे काही बोलणं होईल ते लिहा. चुकांसकट लिहा. तो आल्यावर त्याने फक्त ऐकावं. तो तिच्या प्रेमात आधी पडला असेल किंवा नसेल, इथे पडू दे.

आणि १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी लोकांचा काळा दिन, वगळू नका. बेळगावच्या कॉलेजातली मराठी मुलगी आणि कन्नड मुलगा, आणि वर्षात तो दिवस येतच नाही, असं वाचलं तर आम्ही पुस्तक मिटून ठेवू. त्यावर भाषण नको. दिवस मात्र यायला हवा.

शहापूरची बाई:

तो दिवस मला सोडायचाच नाहीये. तिचे आजोबा दरवर्षी काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जातात, आता सायकल चालवता येत नाही तर शेजारच्या मुलाच्या मागे बसून जातात. त्याच वेळी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे, गाणी. मुलगा होस्टेलच्या मुलांबरोबर तिकडे. संध्याकाळपर्यंत दोघांपैकी कुणीच मेसेज करत नाही. मग तो विचारतो, आजोबा जेवले का? एवढंच मी ठरवलंय. आजोबा तिला आणि मलाही फार प्रिय आहेत, त्यांना खुळा म्हातारा करणार नाही, आणि मुलालाही कुठल्या बाजूचा प्रतिनिधी करणार नाही.

दुसऱ्या गेटजवळची:

थोडं उलट बाजूने बोलू का? सगळे मुलीचंच बघताय. माझा मुलगा असाच आहे, बिनधास्त. सगळ्यांना वाटतं किती मोकळा. त्याच्या खोलीत जाऊन बघा. भरायचे फॉर्म तारीख उलटून गेल्यावर दप्तरात सापडतात. मित्रांकडून घेतलेले पैसे परत करायचे राहतात, मग तो त्या मित्राला टाळतो. काही अंगावर आलं की हसतो. त्याचं हसणंसुद्धा पळवाटच आहे, हे मला आई म्हणून कळायला उशीर लागत नाही.

तुमच्या नायकालाही काहीतरी अडलेलं असू दे. होस्टेलची फी, राहिलेलं रेकॉर्ड बुक, काहीही. आणि तेव्हा त्या मुलीची वही कामाला येऊ दे. ती त्याच्यासाठी एक पान आखते, हिरव्या पेनची जागा मोकळी ठेवते. त्याने ते पान घडी घालून खिशात ठेवलं तर वाचणाऱ्या मुलीला आपल्या वहीची लाज वाटणार नाही. प्रेमात नुसतं घ्यायचं थोडंच असतं?

आणखी एक जागा सांगते, कारण मी तिथेच राहते. टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट. ऐन कॉलेजच्या वेळेला फाटक पडतं. आता रूळही दुहेरी, एक मालगाडी गेली की हायसं वाटतं तोवर उलट्या बाजूची येते. दोन्हीकडे स्कूटर, रिक्षा, सायकली एकमेकांत घुसलेल्या. घड्याळ बघून काही होत नाही. किती ‘प्रश्न’ जातील ते तिने मोजून बघावं, आणि मध्येच कुठेतरी मोजणं सुटावं. मैत्रीण मागे बसलेली असेल तर काहीतरी बोलत असेलच.

गोव्याची ट्रिप तेवढी घालू नका. चोर्ला घाट, समुद्र, सूर्यास्त. आमच्या मुलांच्या प्रत्येक गोष्टीत तेच असतं.

हिंडलग्याचे सर:

दुसऱ्या गेटच्या ताईंचं अगदी पटलं. तुमच्या वाचनात असेलच, पण प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवला. आपल्या सीमाभागातलं पोर, आजी-आजोबांकडे वाढणारं, सुमी दिसली की ज्याच्या पोटात काहीतरी होतं. ‘वनवास’पासून चार पुस्तकं झाली त्याच्यावर. मुलाच्या मनातलं आपल्या मराठीत इतकं आलं, मुलीचं तसं आलं नाही. म्हणून तुम्ही हे पुरं करावं असं मनापासून वाटतं.

शहापूरची बाई:

सर, लंपन माझ्या उशाशीच असतो. म्हणूनच त्या वाटेने जायचं नाही असं ठरवलंय. तिथे आठवणीतून बोलणारा आवाज आहे, मला आजची, मोबाईल हातात असलेली मुलगी हवी.

सगळ्यांचं वाचून मी असं ठरवतेय. पान फाडण्याचा प्रसंग काढला. पावसात भिजणंही काढलं, बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर भिजतोच आपण, त्यात मोकळं होण्यासारखं काही नाही. कणकुंबीची बस पहिल्या भागात येईल, मैत्रिणीबरोबर, मुलगा गोष्टीत नीट यायच्याही आधी. त्यामुळे मोकळं व्हायची सुरुवात तिची स्वतःची राहील आणि तो भेटेल तो आधीच थोड्या हललेल्या मुलीला. आखून दिलेलं पान मध्यावर. अज्जी त्यानंतर. सीईटीचा गोळा जवळजवळ शेवटी, पण शेवट नाही, कारण शेवट दोघांचा हवा. प्रेमकथा आहे, तिच्या वाचकांना फसवायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. लाल चौकोन ती शेवटपर्यंत काढणार. मोजायची तेवढी थांबेल. अनगोळच्या पोरी, तुझ्याकडे एक काम आहे. कणकुंबीहून बेळगावला परतायची संध्याकाळची बस साधारण किती वाजता असते, आणि देवळाजवळ बिस्किटं मिळतात की बसस्टँडवरून नेली होती? आणि निपाणीकर भाऊ, अज्जीचं बोलणं लिहून झालं की मी इथे टाकते, बैलहोंगलकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून तपासून द्या.

पीयू झालेली, अनगोळ:

बिस्किटं बसस्टँडवरून नेली होती, टीचर. बसची वेळ आठवणीतून सांगत नाही, चुकेल. मैत्रीण खानापूर तालुक्यातलीच आहे, तिला विचारून उद्या टाकते. आणि तिला सांगितलंय की ती पुस्तकात येतेय. ती विचारतेय, तिच्या वाट्याला कुणी मुलगा आहे का.

निपाणीकर:

पाठवा ताई. आमच्या दुकानात बैलहोंगलकडच्या एक काकू दर आठवड्याला येतात, त्यांना बसवून वाचून दाखवतो. त्या चुका काढतील, पण मुलीच्या तोंडच्या काढू देणार नाही, अज्जीच्या तेवढ्या.